वकिलांचं गाऱ्हाणं

शिमगा जवळ आला की घरातली माणसं मला जपून वागवायला लागतात. सून चहात साखर जरा सढळ हाताने घालते, मुलगा कलमांचा विषय काढतो, नातवंडं माझ्या खाटेजवळ दंगा करीत नाहीत. पालखी सहाणेवर बसली, गाऱ्हाणं झालं, की म्हातारा पुढचे दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही, हे त्यांना आता ठाऊक झालंय. बायको होती तेव्हा तोंडावर म्हणायची, "झालं, लागली मिरची." ती गेली. मिरची अजून लागते.

यंदाही लागली. फाल्गुनातली संध्याकाळ, कातळ दिवसभर तापून आता जरा निवत चाललेला, पेरणीआधी शेतं भाजतात त्या भाजावळीचा धूर सगळ्या वाडीवर पसरलेला आणि त्यात काजूच्या बोंडांचा तो आंबूस वास. देवाची पालखी देवळातून निघून सहाणेवर येऊन बसली. सहाण म्हणजे आमच्याकडे उघड्यावरचा चिऱ्याचा चौथरा, शिमग्यात पालखी त्याच्यावर बसते आणि सगळा गाव भोवती उभा राहतो. मग एक माणूस पुढे होतो आणि गावाच्या वतीने देवाशी बोलतो. काय हवं, काय नको, कुणाला सांभाळ, कुणाला सुबुद्धी दे. तेच गाऱ्हाणं. तो प्रत्येक मागणीनंतर थांबतो, आणि गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय महाराजा."

यंदा पुढे झाला तो आमच्याच वाडीतला, मुंबईच्या कुठल्याशा कारखान्यातून चार दिवसांची रजा काढून आलेला. हातात माईक. घसा खाकरायच्या आत ह्याचं गाऱ्हाणं संपलंसुद्धा. छान झालं, कशाला खोटं बोलू? थांबायच्या जागी थांबला. माझ्याशेजारी उभी असलेली बाई आपल्या सुनेला सांगत होती, "वकिलांचं गाऱ्हाणं हाय बाय हे. उगाच नाय अंगावर काटा येत."

वकिलांचं म्हणे. वकिलाचं कसलं? गाऱ्हाणं माझं होतं.

दत्ताराम वकील म्हणजे माझ्यासाठी दत्त्या. आमची घरं एकाच पाणंदीवर, मधे फक्त दगडांचा एक गडगा आणि त्याला लागून सुरंगीचं झाड. लहानपणी आम्ही पालखी-पालखी खेळायचो. पालथा पाट ही पालखी, त्यावर जास्वंद, आणि गाऱ्हाणं घालणारा मी. तो मान मला कुणी दिला नव्हता, तो माझ्या गळ्यात होता. माझे वडील गाऱ्हाणं घालीत, आजोबा घालीत, आमच्या घरात मूल रडलं तरी लोक म्हणत की आवाज चांगला लागलाय. बाकीची पोरं "व्हय महाराजा" म्हणायची. दत्त्याही म्हणायचा, पण नेहमी मागून. सगळ्यांचं म्हणून झालं की मग त्याचा एकट्याचा बारीक आवाज यायचा. मी चिडायचो.

"दत्त्या, सगळ्यांबरोबर म्हण की."

"आधी ऐकतो नि मग म्हणतो," तो म्हणायचा.

देवाला काय मागितलंय ते आधी तपासून घ्यायचं आणि पटलं तर होय म्हणायचं, अशी ती जात. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पुढे तो मामाकडे मुंबईला गेला, शिकला, वकील झाला. मी इथेच राहिलो. चार बुकं शिकलो, कलमं लावली, आणि वडिलांच्या मागे गाऱ्हाणं घालायला लागलो. देवळातलं घालायचोच, शिवाय पक्षाचंही. आमचा पक्ष म्हणजे कुळांचा. जमिनी खोतांच्या नावावर, राबणारे आम्ही, आणि जिल्ह्याच्या लोकल बोर्डात बसणारेही खोतच. रस्ता कुठे व्हायचा, विहीर कुणाच्या दारात, शाळा कुठल्या वाडीत, सगळं तेच ठरवणार. त्यांना पाडायचं म्हणून आमचा पक्ष निघाला होता आणि दर निवडणुकीला तोंडावर आपटत होता.

आपटत होता, पण काय थाटात. आज हसू येतं आणि आतून जरा हुरहुरही लागते. सभा देवळाच्या सभामंडपात. आधी मानाप्रमाणे बसायचं, मग मानाप्रमाणे विडा. विडा चुकीच्या हातात आधी गेला की एक घराणं उठून चालतं व्हायचं, त्यांची समजूत काढण्यात संध्याकाळ जायची. मग माझं गाऱ्हाणं. माझं गाऱ्हाणं सुरू व्हायचं तेव्हा दिवेलागण असायची आणि संपायचं तेव्हा समईत दुसऱ्यांदा तेल घातलेलं असायचं. मी पूर्वजांना बोलवायचो, डोंगरांना बोलवायचो, खाडीला, वाटेवरच्या पिंपळाला, म्हशींना आणि म्हशींच्या रेडकांना सांभाळ म्हणायचो. बायकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. उमेदवार कोण, ते देवाला कौल लावून ठरायचं. मूर्तीला फुलाचे कळे चिकटवायचे, कुठल्या बाजूचा आधी पडतो ते बघायचं. गुरव माणूस सज्जन, पण राहायचा खोताच्या जागेत, आणि देवाचा कौल नेहमी असल्याच माणसाला मिळायचा की ज्याला बघून खोताला शांत झोप लागेल. हे सगळ्यांना दिसत होतं. बोलणार कोण? देवाला खोटं पाडायचं कुणी?

दत्त्या परत आला तो असल्याच एका हंगामात, कार्तिक सरता सरता. बोटीतून उतरला, पडावातून धक्क्यावर आला. कोट, हातात ट्रंक, आणि ट्रंकेत, पुढे कळलं, एक पितळी घंटा. लाकडी मुठीची, शाळेतल्या शिपायाच्या हातात असते तसली. वकिलीचं दुकान रत्नागिरीत मांडलं आणि आठवड्यातून दोनदा तरी भाट्याची खाडी तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, ओलांडून गावात यायला लागला. पक्षाच्या म्होरक्या मंडळींना त्याने काय सांगितलं कोण जाणे, महिन्याभरात म्हातारी माणसं त्याला "वकीलसाहेब" म्हणायला लागली. मी दत्त्याच म्हणायचो. सगळ्यांदेखत, मुद्दाम मोठ्याने.

त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं की बोलणाऱ्याला दहा मिनिटं मिळतील. दहा मिनिटं झाली की तो घंटा वाजवील. विलायतेपासून मुंबईपर्यंत शहाण्या सभा अशाच चालतात म्हणे. मान-पान नाही, जो आधी येईल तो पुढे बसेल. माणसं माना डोलावत राहिली. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे कबूल असतं असं नाही, ऐकू आलं एवढंच.

मग तो दिवस उजाडला. सभामंडप भरलेला. मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो आणि त्या दिवशी माझा गळा काय लागला होता म्हणून सांगू. पूर्वज येऊन गेले, डोंगर येऊन गेले, मी खाडीपर्यंत पोहोचलो होतो, आणि दत्त्याने घंटा वाजवली.

देवळात घंटा वाजली की काय होतं? गुरवाने झटकन निरांजन पेटवलं. त्याला वाटलं, झालं सगळं, आता आरती. माणसं उठून उभी राहिली, टाळ्या वाजायला लागल्या, कुणीतरी झांज घेतली, आरती सुरू झाली. दत्त्या हात हलवून "थांबा, थांबा" म्हणतोय आणि हातातली घंटा त्याबरोबर आणखी वाजतेय. जितकी वाजते तितका आरतीला जोर. आरती झाली, तीर्थ झालं, खोबऱ्याचा तुकडा हातावर पडला आणि माणसं समाधानाने घरी गेली. मंडपात दत्त्या, मी आणि गुरव. दत्त्याच्या दुसऱ्या हातात ठरावांचा कागद तसाच.

मला वाटलं, आता हा रडेल नाहीतर भडकेल. तो पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मला म्हणाला, "सख्या, चूक माझीच. देवाच्या घरात मी माझी घंटा वाजवायला गेलो." त्या हंगामातला माझा शेवटचा आनंदाचा दिवस तो. आणि तोही पुरता आनंदाचा नाही. पडल्यावर असं हसता येणं माझ्यात नाही, हे मला तिथेच बसल्याबसल्या टोचलं होतं.

पुढची सभा देवळात नाही. त्याने ती आमच्याच वाडीतल्या एका मोठ्या खळ्यात घेतली, शेणाने सारवलेल्या अंगणात, जिथे वैशाखात आंब्याच्या पेट्या भरतात. घंटेचं नाव काढलं नाही. म्हणाला, "बोलणाऱ्याची वेळ झाली की मी उभा राहीन. मी उभा राहिलो की त्याने बसायचं. एवढंच." किती साधं. तो नुसता उभा राहायचा, काही बोलायचा नाही, रागावून बघायचा नाही, आणि कितीही मोठा बोलघेवडा असला तरी वाक्य अर्धवट टाकून मटकन बसायचा. दोन-तीन सभांत ते अंगवळणी पडलं. लहान मुलंसुद्धा खेळताना एकमेकांना तसं बसवायला लागली.

खळ्यातल्या त्या सभेला आणखी एक गोष्ट झाली. देवळातल्या सभांना काही माणसं बाहेर उभी असायची. गावकुसाबाहेरच्या वाडीतली, ज्यांना मंडपात यायची मुभा नव्हती. आणि खाडीकाठचे मुसलमान मच्छीमार, ज्यांना कुणी अडवलं नव्हतं पण बोलावलंही नव्हतं. तरीवरचा हसन तांडेल, आमच्याच बरोबरीचा, माझं गाऱ्हाणं संपेपर्यंत गडग्याला टेकून विडी ओढत बसायचा. मला वाटायचं, त्यालाही आवडतं. खळ्यात तो आत आला. सारवलेल्या जमिनीवर चपला काढून बसला. आणि बायका आल्या, माझी बायको गोदासुद्धा, डोक्यात सुरंगीचा वळेसार घालून, अगदी पुढे.

दत्त्याने ठराव मांडला की पक्षाच्या सभा ह्यापुढे गाऱ्हाण्याने सुरू होणार नाहीत. उमेदवार कौलाने ठरणार नाही, हात वर करून ठरेल. "गाऱ्हाणं शिमग्यात सहाणेवर होईलच," तो म्हणाला, "ते गावाचं आहे. पक्षात सगळ्यांच्या देवाची माणसं आहेत." मग म्हणाला, "ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा."

मी खाली बघत होतो. मला वाटलं, दोन-चार हात वर जातील, मग हशा होईल. मान वर केली तर पहिला हात गोदाचा. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या.

घरी आल्यावर मी जेवायला पाटावर बसलो नाही.

"काय गो, हात वर केलास?"

"केला."

"माझ्या गाऱ्हाण्याविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध कुठे? पाय आखडतात वो माझे, तुम्ही म्हशीपर्यंत येईस्तोवर. नि तो हसन इतकी वर्षं गडग्याशी बसतो, ते काय तुमचं ऐकायला? तो संपायची वाट बघतो."

ती खरं बोलत होती. दत्त्याही खरंच बोलत होता. तो चुकला असता तर मी कधीच माफ करून मोकळा झालो असतो. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं, हे कुठल्याच गाऱ्हाण्यात मागता येत नाही.

त्या हंगामात मला मत्सराने नुसतं पोखरून काढलं. अगदी शुद्ध मत्सर. काही लोक ह्याला स्वाभिमान म्हणतात, तत्त्व म्हणतात. मी नाही म्हणत. आमचा कुत्रा त्याच्या मागे तरीपर्यंत जायचा, त्याचा मला राग यायचा. गोदा त्याच्यासाठी ओले काजू सोलायची. ओले काजू सोलायचे म्हणजे चिकाने बोटं भाजतात, साल निघते. माझ्यासाठी सोलायची तेव्हा दहा वेळा बोलून दाखवायची. त्याच्यासाठी सोलताना गुणगुणायची. "भावजी दमून येतात," म्हणायची. मी काय झोपून येत होतो? कलमांवर तुडतुडे पडले होते, मोहोर काळा पडत होता, आणि दुपारच्या उन्हात कातळावरून चालत घरी आलं की ओसरीवर हा बसलेला, भोवती पाच-सहा वाड्यांची माणसं. कुठल्या वाडीत कोण काम करणार, कुणाचं नाव मतदारांत यायचं राहिलंय, कोण कुणाला तरीवर भेटणार. आमच्या पक्षात असं काही असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही देवाला सांगायचो आणि घरी यायचो.

एकदा मी त्याला टोकलंच. "दत्त्या, पक्ष आहे की पेढी?"

तो हसला नाही. म्हणाला, "सख्या, तुझ्यासारखं बोलणारा जिल्ह्यात नाही. पण तू बोलतोस ते देवाला. देव काय, त्याला मत नाही. ह्या वेळी माणसांना सांगायचंय. चल माझ्याबरोबर वाड्यांवर. दहा मिनिटं बोल."

"दहा मिनिटांत माझे पूर्वजसुद्धा पोहोचत नाहीत," मी म्हणालो आणि कलमांना पाणी घालायला निघून गेलो. कलमांना त्या दिवसांत पाणी घालत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

तरी तो आला. चार दिवसांनी पहाटे गडग्यापलीकडून हाक मारली आणि मला भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. सुरूच्या बनात कुणी नव्हतं. म्हणाला, "मी बोलतो तेव्हा माणसं ऐकतात, पण हलत नाहीत. तू बोलतोस तेव्हा हलतात. मी काय चुकतो?" त्याने समुद्राकडे तोंड करून भाषण म्हणून दाखवलं. मुद्दे एकाहून एक, पण एकामागून एक, श्वास घ्यायलाही जागा नाही.

"तू सगळं सांगून टाकतोस," मी म्हणालो. "त्यांना म्हणायला काय ठेवतोस? मागणी केलीस की थांब. गप्प राहा. त्यांच्या तोंडात होय तयार झालं की मगच पुढे जा. आधी गेलास तर ते गिळतात, उशिरा गेलास तर थंड होतं."

"ते तयार झालं हे कसं कळतं?"

"कळतं," मी म्हणालो. सुरूच्या सुया पायाखाली मऊ लागत होत्या आणि पहिल्यांदाच त्या हंगामात मला बरं वाटत होतं. मी त्याला म्हणून दाखवलं. त्याने परत म्हटलं. मी त्याच्या खांद्याला हात लावून थांबवायचो आणि हात काढला की तो पुढे जायचा. अशा किती पहाटा गेल्या, कोण मोजतो. मी का शिकवलं असं गोदाने विचारलं होतं. त्याला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं, म्हणून शिकवलं. दुसरं काय कारण असणार?

आपटत आलेला आमचा पक्ष त्या शिमग्यात निवडून आला. रत्नागिरीच्या कचेरीबाहेर निकाल कळला आणि माणसं धावत सुटली. हसन तांडेलने त्या दिवशी तरीचं कुणाकडून काही घेतलं नाही, खेप करून करून त्याचे हात भरून आले होते. खोतांच्या माडीवर दिवा लागला नाही, एवढंच आम्हाला दिसलं. दत्त्या बोर्डावर बसणार होता, आणि आमची इतकी माणसं आली होती की अध्यक्ष तोच होणार हे नक्की होतं. नेमकी त्याच दिवशी पालखी सहाणेवर बसलेली. गुलालाने माखलेली सगळी माणसं तरीवरून उतरून तडक सहाणेकडे आली. ढोल बडवून बडवून ढोलकऱ्यांच्या हातांना फोड आले होते.

सहाण उघड्यावर. तिथे आत-बाहेर नाही. गावकुसाबाहेरची माणसं होती, हसन होता, बायका होत्या, गोदा पुढे होती. आणि गर्दीतून एका म्हाताऱ्याने हाक दिली, "सखारामा, घाल रे गाऱ्हाणं." मग सगळेच म्हणायला लागले, "सखाराम, गाऱ्हाणं."

काय सांगू काय वाटलं. हे पक्षाचं नव्हतं, गावाचं होतं, दत्त्याने स्वतः म्हटलं होतं गावाचं म्हणून. मी टोपी काढली, झटकली, परत घातली. चौथऱ्याच्या कडेला दत्त्या बसला होता, त्याच्या पलीकडे उभं राहायची जागा. मी पुढे झालो, तोंड उघडलं. "बा देवा" एवढं म्हटलं असेन.

आणि दत्त्या उभा राहिला.

तो उभा राहिला आणि मी बसलो. मटकन. हंगामभराची सवय, पायांनी मला विचारलंसुद्धा नाही. वेळ झाली, दत्ताराम वकील उभे राहिले, बोलणाऱ्याने बसायचं. माझं ढुंगण जमिनीला टेकलं तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. ढोल थांबले होते. सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. गुरव नारळ हातात घेऊन थांबला होता. मी बसलो होतो, आणि देवापुढे उभं राहिलेल्या दत्त्याला आता काही न बोलता परत बसता येत नव्हतं.

तो माझ्याकडे बघत होता. काय बघत होता, देव जाणे. मी उठायला हवं होतं का? उठलो नाही. मग त्याने हात जोडले.

"बा देवा महाराजा," तो म्हणाला, "तुझी रयत उभी आहे. कोण सहाणेशी उभा आहे, कोण गडग्याशी उभा आहे, कोण आत्ताच तरीवरून उतरलाय. कुणी तुला मानतो, कुणी दुसऱ्या नावाने हाक मारतो. तहान सगळ्यांना सारखी लागते, एवढं बघ."

आणि थांबला. माझ्या जागी थांबला. मी जमिनीवर बसून मोजत होतो, आता, आता, आणि बरोबर त्या क्षणी गाव म्हणाला, "व्हय महाराजा." असा आवाज माझ्या कुठल्याही गाऱ्हाण्याला मिळाला नव्हता. त्यात हसनचा आवाज होता.

"आम्हाला खुर्ची मिळाली आहे," दत्त्या म्हणाला. "ती खुर्ची आहे, पालखी नव्हे. आम्हाला विसर पडला तर खांद्यावरून खाली उतरव."

हे वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. ते ऐकलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी म्हणालो, "व्हय महाराजा." आयुष्यात पहिल्यांदा. तोवर माझं काम ते ऐकून घ्यायचं होतं, म्हणायचं नव्हतं. माझा आवाज गर्दीत मिसळून गेला आणि मला स्वतःलाही वेगळा ऐकू आला नाही.

सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

त्या दिवसापासून ते वकिलांचं गाऱ्हाणं झालं. पुढच्या शिमग्याला मी माझं लांबलचक घालून बघितलं, तर पोरं म्हणाली, "काका, वकिलांचं घाला ना." मी घातलं नाही. दुसऱ्याने घातलं. मग तेच चालू झालं, आजतागायत. दत्त्याने विहिरी खोदल्या, ओढ्यांवर दोन साकव बांधले, गावकुसाबाहेरच्या वाडीत शाळा काढली. सगळं चांगलं केलं. वाटेत आमची गाठ पडायची, बोलायचो, हसायचो, गोदा ओले काजू द्यायची. त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघे कधी चकार शब्द बोललो नाही.

गोदा बोलायची. मरेपर्यंत तिचं एकच पालुपद होतं, "अहो, भावजी तुम्हाला जागा द्यायला उठले होते. सहाणेवर बसून राहिलेले बरे दिसले असते का, तुम्ही गाऱ्हाणं घालताना?"

मी म्हणायचो, छट्. जागा द्यायची होती तर बाजूला सरकला असता.

"मग तुम्ही उठलात का नाही परत?"

ह्या प्रश्नाला मी दर वेळी आंघोळीला निघून जायचो. दत्त्याला विचारता आलं असतं. तो शेवटचा आजारी होता तेव्हा मी रोज खाडी ओलांडून जात होतो, त्याच्या उशाशी बसत होतो. ओठावर आलं होतं. त्याने "हो, जागा द्यायला उठलो होतो" म्हटलं असतं तर इतक्या वर्षांच्या मत्सराचं मी काय केलं असतं? आणि "नाही" म्हटलं असतं तर? त्यापेक्षा मी त्याला कलमांच्या गोष्टी सांगितल्या. तो ऐकत होता, आणि माझं बोलून झालं की जरा वेळाने मान हलवत होता.

तर यंदाचं सांगत होतो. मुंबईवाल्याने माईकवर म्हटलं, "ती खुर्ची आहे, पालखी नव्हे." आता त्या खुर्चीचा नि गावाचा काही संबंध उरलेला नाही, तरी म्हणतात. थांबला. सगळा गाव म्हणाला, "व्हय महाराजा." आवाज विरला. भाजावळीचा धूर तसाच. आणि मग मी म्हणालो, एकट्याने, काठीवर हात ठेवून, "व्हय महाराजा."

पुढची माणसं वळून बघायला लागली. हल्ली दर वर्षी बघतात. सून माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "मामंजी, सगळ्यांबरोबर म्हणायचं असतं ते."

"आधी ऐकतो नि मग म्हणतो," मी म्हणालो.

हे बोलणं कुणाचं, ते मी तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही. त्याने माझं सगळं गाऱ्हाणं नेलं, त्याचं एवढं एक वाक्य माझ्याकडे असू दे.